वांगदादांचा फास

आमच्या जिल्ह्याचं सरकारी कुत्राघर डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका बाजूला कचऱ्याचा डेपो, दुसऱ्या बाजूला अननसाचे मळे. तैवानच्या दक्षिणेत वारा कुठून येतोय ते नाकालाच कळतं, आणि आमच्याकडे तर वाऱ्याची दिशा बदलली की जेवणाची चवही बदलते. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि दर मंगळवारी तिथं जायला लागले. लोक मला अजून ‘बाई’च म्हणतात. त्या वेळी तिथं सव्वातीनशे कुत्री होती. कुत्री मारून टाकायची पद्धत कायद्यानं बंद झाली होती, ते चांगलंच झालं. पण घरात न्यायला कुणी येत नाही आणि रोज नवीन कुत्री येतात, तेव्हा पिंजरे रिकामे व्हायचे कसे?

लो थिएन-वांग आमच्याकडे आले ते सप्टेंबरात. वय सहासष्ट, खांदे रुंद, पाठ जराशी वाकलेली. पायांत स्वतःचे गमबूट होते, घोट्याशी ठिगळ लावलेले. स्वयंसेवकांच्या अर्जात ‘तुम्हाला हे काम का करायचं आहे?’ असा रकाना असतो. तिथं लोक प्राणिप्रेमावर अर्धं पान लिहितात. यांनी लिहिलं होतं, ‘घरी बसवत नाही.’

‘‘कुठलं काम करायला आवडेल, काका?’’ आमच्या डॉक्टर यू यांनी विचारलं. त्या पस्तिशीच्या आहेत आणि झोप न झाल्यासारख्या दिसतात, कारण ती खरंच झालेली नसते.

‘‘गटारं आहेत ना?’’

‘‘आहेत की. पण पहिल्याच दिवशी गटारं कशाला?’’

‘‘तीच द्या.’’

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी आठला ते हजर असायचे. गटारं धुवायची, घाणेरडी पांघरुणं मोठ्या पातेल्यात उकळायची, गंजलेल्या कड्या बदलायच्या, सगळं ते करायचे. फक्त कुत्र्याला हात लावायचे नाहीत. पिंजऱ्यांच्या रांगेतून जाताना मान खाली असायची. एखादं पिल्लू जाळीतून पंजा काढून त्यांची विजार ओढायचं, तर हळूच पाय सोडवून पुढं निघायचे. मी त्यांना ‘वांगदादा’ म्हणायला लागले. हळूहळू सगळेच म्हणू लागले.

आमच्यात एक त्साय-ल्वान होती. आम्ही तिला ल्वानताई म्हणतो. मंदिरामागच्या गल्लीत तिचं केस कापायचं दुकान आहे. मंगळवारी दुकान बंद असतं, म्हणून ती मशीन आणि कात्र्या घेऊन यायची आणि ज्यांच्या अंगावर केसांच्या गाठी झाल्यात अशा कुत्र्यांचे केस काढायची. हात मऊ, जीभ मात्र वस्तऱ्यासारखी.

‘‘वांगदादा, कुत्र्यांची एवढी भीती वाटते तर इथं कशाला येता हो?’’ ती ओरडून विचारायची. ‘‘शाळेमागं मासे पाळलेत, तिथं जा. मासा पाठीमागं लागत नाही!’’

ते हसायचे. ‘‘माशाचं गटार धुवायला लागत नाही ना.’’

असे तीन महिने गेले.

डिसेंबरात अननसाच्या मळ्यांतून फोन आला. काळी कुत्री, पुढच्या उजव्या पायात लोखंडी सापळा अडकलेला. असले सापळे लावायला बंदी आहे, तरी रानडुकरांसाठी कुणी ना कुणी लावतंच. कुत्री सापळ्यासकट साखळी ओढत फिरत होती. आमचे कर्मचारी दोनदा गेले. कोंबडी टाकून पिंजरा लावला, तिनं ढुंकून पाहिलं नाही. भुलीची सुई मारायला जावं, तर ती माणूस दिसताच काटेरी पानांत शिरायची.

‘‘पाय सडत चाललाय,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘दोन दिवसांत नाही सापडली तर मग शोधायची गरजच उरणार नाही.’’

म्हणून त्या मंगळवारी आम्ही सगळेच निघालो. सात जण, हातात जाळ्या. वांगदादांना पिंजरा उचलायला घेतलं होतं.

मळ्यात आम्ही साखळी करून पुढं सरकलो. कुत्री दिसली. हाडं वर आलेली, कोळशासारखी काळी, आणि प्रत्येक पावलाला लोखंडाचा खण् खण् आवाज. आम्ही जवळ गेलो की ती रांग बदलायची. ल्वानताईच्या जाळीखालून तर ती दोनदा निसटली. तासाभरानं आमचे हातपाय काट्यांनी ओरबाडले होते, आणि कुत्री बांधावर धापा टाकत उभी होती. दमली होती, पण हरली नव्हती.

तेवढ्यात वांगदादांनी पिंजरा खाली ठेवला. गाडीच्या ताडपत्रीची दोरी सोडली. त्यांच्या बोटांनी काय केलं ते मला दिसलंसुद्धा नाही. एक फास झाला, त्याच्या थोडं मागं एक गाठ बसली. ते कुत्रीकडे गेलेच नाहीत. तिच्याकडे पाठ करून, तिरके, जणू स्वतःच्या कामाला निघालेत असे चालत बांधाच्या टोकाला पोचले. कुत्री आमच्याकडे बघत राहिली. मग त्यांचा हात एकदाच हलला.

दोरी बरोबर मानेत बसली. कुत्रीनं उसळी मारायच्या आत त्यांनी अंगातलं जाकीट तिच्या डोळ्यांवर टाकलं, गुडघा खांद्यामागं टेकवला, आणि एका हातानं जबडा धरला. सगळं मिळून अर्धं मिनिट. कुत्री ओरडलीही नाही. ती गाठ अशी होती की फास एका मापापुढं आवळतच नव्हता.

‘‘डॉक्टर, सुई,’’ ते म्हणाले.

डॉक्टरांनी धावत जाऊन भूल दिली. मग कपाळ पुसत कौतुकानं विचारलं, ‘‘काका! हे कुठं शिकलात तुम्ही?’’

वांगदादा दोरी सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘सफाई पथकात होतो. त्यातली अकरा वर्षं कुत्री पकडायच्या गाडीवर.’’

आमच्या पिढीतल्या कुणाला ती गाडी सांगावी लागत नाही. मागं जाळीचा डबा, बाजूला दोन माणसं लटकलेली. ती गल्लीत शिरली की पोरं आपापली कुत्री उचलून घरात पळायची. त्या काळी गाडीत गेलेलं कुत्रं क्वचितच परत यायचं.

ल्वानताई जाळी धरून उभी होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

‘‘मंदिरामागच्या गल्लीत यायचात तुम्ही?’’

‘‘सगळ्याच गल्ल्यांत यायचो.’’

‘‘तपकिरी कुत्रा. एक कान पडलेला. गळ्यात लाल दोरी.’’ ती एकेक शब्द मोजून बोलत होती. ‘‘शेंगदाणा नाव होतं त्याचं. चंद्रोत्सवाच्या आदल्या दिवशी. सत्तावीस वर्षं झाली. मी गिऱ्हाइकाचे केस धूत होते. तो दारात झोपला होता. दारात! बाहेर आले तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती.’’

वांगदादा उभे राहिले. मला वाटलं, आता हे माफी मागतील, नाहीतर ‘तो मी नव्हतो’ म्हणतील.

‘‘आठवत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हो म्हटलं तर खोटं होईल. खूप होती.’’

ल्वानताईनं जाळी खाली ठेवली आणि ती चालायला लागली. कुत्राघर तिथून दोन मैलांवर. डॉक्टरांनी गाडी तिच्याजवळ नेऊन दार उघडलं, पण ती चढली नाही.

कुत्रीचा पाय खांद्यापासून काढावा लागला. ती जगली. काळी म्हणून तिचं नाव पडलं तीळ. पण त्यानंतर दोन मंगळवार वांगदादा आले नाहीत. गटारं तुंबली. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांचं घर शोधत गेले.

दारात त्यांची बायको युए-श्या सुपात मुळ्याच्या फोडी उन्हात पसरत होती. मी नाव सांगताच म्हणाली, ‘‘वर आहेत, पेरूच्या कुंड्यांशी बोलत. बायकोशी बोलायला तोंड नाही, कुंड्यांशी आहे.’’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘त्यांना उत्तम कामगाराचा कप मिळाला होता, बाई, लागोपाठ दोन वर्षं. आणि आमच्या पोराला शाळेत सगळे ‘कुत्रेधऱ्याचं पिल्लू’ म्हणायचे. पोर रडत घरी आलं, तर यांनी तो कप कचऱ्याच्या गाडीत टाकला. पण बोलले काही नाहीत. कधीच काही बोलले नाहीत.’’

‘‘नोकरी सोडली का नाही वहिनी, मग?’’

‘‘खायला कोण घालणार होतं?’’ ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. ‘‘लोकच फोन करायचे ना. कुत्रं चावलं, कुत्रं घाण करतंय, घेऊन जा. घेऊन गेले की शिव्या यांनाच.’’

वर गच्चीवर वांगदादांनी मला पालथ्या बादलीवर बसायला सांगितलं. पेरू चिरून दिला. आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागले.

‘‘तेव्हा मला वाईट वाटायचं असं सांगितलं तर ती थाप होईल, बाई. मी कामात चांगला होतो. बाकीचे तारेचा फास वापरायचे, कुत्र्याची मान कापायची. माझ्या हातून कधी खरचटलं नाही. ती मागची गाठ माझी आहे, मीच काढली. साहेब नवीन माणसांना माझ्याकडे पाठवायचे. मला बरं वाटायचं. गाडीतून कुत्री आत उतरवली की माझं काम संपलं. मी आत जात नव्हतो.’’ त्यांनी पेरूची आणखी एक फोड केली. ‘‘आवाज यायचा.’’

‘‘मग आता का आलात आमच्याकडे?’’

‘‘माहीत नाही. निवृत्त झाल्यावर एक दिवस तुमच्या फाटकावरून गेलो. तोच भुंकण्याचा आवाज. तेव्हाचा बंद व्हायचा, हा दुसऱ्या दिवशी गेलो तरी होता. तिसऱ्या दिवशीही होता.’’ त्यांनी सुरी पुसली. ‘‘हात लावायचं धाडस मात्र झालं नाही. हातांना एकच गोष्ट येते.’’

मी म्हटलं, ‘‘तीच पाहिजे आहे आत्ता. तीळ कुणाला जवळ येऊ देत नाही. जखमेची पट्टी बदलायची म्हणजे रोज भूल द्यावी लागते, आणि इतकी भूल तिला सोसत नाही. डॉक्टर दोनदा चावून घेऊन बसल्यात. तुम्ही धरलं तर होईल.’’

‘‘त्या केस कापणाऱ्या बाई असतात तिथं.’’

‘‘असतात. त्याला मी काय करू?’’

दुसऱ्या दिवशी ते आले. मंगळवार नव्हता, तरी आले.

तीळ त्यांना ओळखत होती. दहा हातांवरून त्यांची चाहूल लागली की तिच्या घशातून घरघर सुरू व्हायची, ओठ वर जायचे. फास पडला, जाकीट टाकलं की चार मिनिटांत पट्टी व्हायची. पण सोडल्यावर ती कोपऱ्यात जाऊन बसायची आणि दिवसभर अन्नाला तोंड लावायची नाही. ती खायची फक्त ल्वानताईच्या हातून. ल्वानताई पिंजऱ्याबाहेर स्टूल टाकून तिच्याकडे न बघता आपली न्याहारी करायची, आणि उकडलेल्या रताळ्याचा तुकडा मागं सरकवायची. दुकान उघडायच्या आधी तासभर ती यासाठी रोज यायला लागली. तेव्हा ठरलं असं, की यांनी धरायचं, डॉक्टरांनी पट्टी करायची आणि लगेच तिनं खाऊ घालायचं. तिघांना एकाच पिंजऱ्यात उभं राहणं भाग होतं. ल्वानताई आणि वांगदादा एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून चौथी मी.

‘‘बाई, त्यांना सांगा दोरी सैल करा. जीव घुसमटतोय तिचा.’’

‘‘बाई, त्यांना सांगा, घुसमटत नाही. सैल केली तर चावेल.’’

‘‘त्यांना सांगा, चावली तर चावली. चावून घ्यायची सवय असेल.’’

‘‘त्यांना म्हणावं, मला नाही, डॉक्टरांना चावेल.’’

‘‘मी इथंच आहे हो,’’ डॉक्टर म्हणायच्या. ‘‘आणि मला ऐकू येतं.’’

असं महिनाभर चाललं. मग मला ताप आला आणि मी आठवडाभर अंथरुणाला खिळले. त्या आठवड्यात काय झालं ते मला डॉक्टरांनी सांगितलं. पहिले दोन दिवस दोघं मुक्यानंच काम करत होते. तिसऱ्या दिवशी पट्टी झाल्यावर ल्वानताईनं रताळं सोलता सोलता विचारलं, ‘‘गाडी कुत्री घेऊन कुठं जायची?’’

वांगदादांनी सांगितलं. नदीकाठी पत्र्याची शेड होती. किती दिवस ठेवायचे, काय खायला द्यायचे, पाणी किती वेळा बदलायचे, आणि शेवटी काय करायचे, तेही सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘मलाच उठून जावंसं वाटत होतं. ल्वानमावशी मात्र रताळं सोलत बसून होती. सगळं सोलून झालं तरी साल शोधत होती.’’

‘‘मी पाचव्या दिवशी गेले होते पथकाच्या कचेरीत,’’ ती म्हणाली म्हणे. ‘‘ते म्हणाले, इथं नाही. कुठं आहे ते कुणी सांगितलं नाही. सत्तावीस वर्षं मला वाटतंय, मी पहिल्याच दिवशी दुकान बंद करून गेले असते तर. सणाची गर्दी होती. मी दुकान बंद केलं नाही.’’

वांगदादा म्हणाले, ‘‘जागा दाखवू शकतो. दुसरं काही नाही माझ्याकडे.’’

मी बरी झाल्यावर आम्ही तिघं गेलो. ते त्यांच्या स्कूटरवर पुढं, आम्ही दोघी ल्वानताईच्या स्कूटरवर मागं. वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘किती हळू चालवतोय बघ म्हातारा.’’

शेडच्या जागी आता केळीची बाग आहे. वांगदादांनी बांधाच्या कडेची सखल जागा दाखवली आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले, डोक्यावरचं हेल्मेट काढून. ल्वानताईनं पिशवीतून चंद्रोत्सवाची गोड पोळी काढली. तो सण तर कधीच होऊन गेला होता. कुठून मिळवली कोण जाणे. ती केळीच्या पानावर ठेवली, तीन उदबत्त्या लावल्या. तिला रडू आलं नाही. मला आलं. ती नुसती उभी होती, आणि मध्येच एकदा, अगदी रोजच्या आवाजात, दारातून हाक मारावी तसं म्हणाली, ‘‘शेंगदाणा, चल.’’

परतताना ती वांगदादांसमोर थांबली.

‘‘मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका.’’

‘‘नाही समजत.’’

‘‘बरं.’’ तिनं हेल्मेट घातलं. ‘‘उद्या सातला या. आठला मला पहिलं गिऱ्हाईक आहे.’’

त्या दिवसापासून माझी दुभाष्याची नोकरी गेली.

तीळची जखम भरली. तीन पायांवर ती उड्या मारत चालायला शिकली. पण काळी, लंगडी, अनोळखी माणसावर दात काढणारी कुत्री घरी न्यायला कोण येणार? शनिवार-रविवारी बघायला येणारी कुटुंबं तिच्या पिंजऱ्यापाशी थांबून ‘बिचारी’ म्हणायची आणि पुढं जायची. मे महिन्यात एकदा ल्वानताई नेहमीसारखी आली, रताळं खाऊ घातलं, आणि डॉक्टरांच्या टेबलावर आपलं ओळखपत्र आपटलं. ‘‘कागद काढ. रोज इथवर पेट्रोल जाळून माझं दिवाळं निघालंय.’’

दुकानाच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. तीळला त्या उतरता येईनात. एका दुपारी वांगदादा फळ्या आणि करवत घेऊन तिथं पोचले. मी होते तिथं. त्यांनी उतार बनवला, पाय घसरू नये म्हणून त्यावर जुनी काथ्याची पट्टी ठोकली. ते काम करत होते तितका वेळ तीळ केस कापायच्या खुर्चीखालून गुरगुरत होती. दोन तास, अखंड.

‘‘तिला गप्प करू का?’’ ल्वानताईनं विचारलं.

‘‘नको, नको.’’ त्यांनी तोंडातला खिळा काढला. ‘‘तिचं बरोबर आहे.’’

ल्वानताईनं त्यांना चहा दिला. वर बिस्किटंही ठेवली. मग उताराकडे बघून म्हणाली, ‘‘डाव्या बाजूला कलतोय हा.’’

‘‘तुमचं अंगणच कललेलं आहे.’’

‘‘चाळीस वर्षांत मला नाही दिसलं ते.’’

‘‘चाळीस वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांची डोकी बघताय.’’

ती हसली. त्यांच्याशी बोलताना हसलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तीळ अजून वांगदादांवर गुरगुरते. बाकी सगळ्यांना ती सरावली आहे, गिऱ्हाइकांच्या पायांवर डोकं ठेवून झोपते. दुकानात ते आले, की मात्र उठून खुर्चीखाली जाते. वांगदादा त्यावर कधी काही बोलत नाहीत आणि तिला लाडीगोडीही लावत नाहीत. दारातूनच काम उरकून निघतात.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी खटपट करून कर्मचाऱ्यांसाठी वर्ग सुरू केला. सापळ्यात अडकलेली, रानात राहणारी कुत्री न दुखवता कशी पकडायची, तो विषय. शिकवतात वांगदादा. त्यांना फळ्यावर लिहायची सवय नाही म्हणून ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्गाला अकरा जण होते. एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, हे तुम्ही कुणाकडून शिकलात?’’

मला वाटलं, ते विषय बदलतील. त्यांनी दोरी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसले आणि त्या गाडीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. नदीकाठची शेडही सांगितली. एक तरुण कर्मचारी उठून बाहेर गेला आणि परत आलाच नाही. बाकीचे दहा बसून राहिले.

मग वांगदादांनी दोरी उचलली आणि म्हणाले, ‘‘आता गाठ बघा. इथं चुकलात तर मान कापेल.’’